जुन्या दहा चाकीला कूलंट घालायचं की बोअरचं पाणीच बरं?

घाटवाला (खानापूर)
बेळगाव-गोवा खेपा मारतोय, रस्ता बहुतेक अनमोडचाच. येताना लोड घेऊन घाट चढला की काटा लालात जातोय. मिस्त्री म्हणतोय थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा) काढून टाक आणि कूलंट बिलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायचं औषध, काय नको, आमच्या मालकाचंही तेच, त्या पैशात डिझेल येतंय म्हणे. मला हे पटंना. आधीची गाडी अशीच साध्या पाण्यावर गेली, ऑइलची कांडी उपसून बघतो तर पाणी मिसळून दुधाळ, ताकात हळद कालवल्यागत, आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) काढला तर एकाच बाजूला उभ्या रांगेत सुईनं टोचल्यासारखी भोकं. साधं पाणी म्हणजे हेवी इंजिनला सावकाश विष, हे माझं मत. बोला.

निपाणीचा मालक
काय बोलूलास रे! आमच्या गाड्या तवंदी घाटातनं बोअरच्या पाण्यावरच चढल्या की इतकी वर्षं. आणि एक सांगतो, उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काय नाही, कूलंट जास्त घातलास तर उलट कमी थंड होतंय. तुझी गाडी गरम होतीय ती जाळीनं. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं चालवतोस, पाचटाचा चुरा रेडिएटरात किती बसतो बघितलास का कधी? त्यात वरच्या गिअरात रेटत नेत असशील, इंजिन फिरलं नाही तर फॅन आणि वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) तरी काय करणार.

ऑटोनगर गॅरेज
मामांचं जाळीचं आणि गिअरचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण लायनरची ती भोकं जाळी धुऊन थांबत नाहीत. आतनं पिस्टन आपटतो, लायनर थरथरतो, बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि दर वेळी लोखंडाचा कण उडवतात. कूलंटमधलं औषध तिथं पापुद्रा धरतं म्हणून लायनर वाचतो, साध्या पाण्यात ते नाही. शिवाय आपल्याकडचं बोअरचं पाणी, घरातल्या पातेल्याला पांढरा थर धरतो तोच ब्लॉकमध्ये पण धरतो.

निपाणीचा मालक
थर धरतो हे मान्य. पण प्रत्येक होज पाईप गळका असलेल्या गाडीत महागाचं कूलंट घालून रस्त्यावर सांडायचं?

ऑटोनगर गॅरेज
मग आधी होज बदला की मामा, आणि रेडिएटरचं झाकण पण. बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर वर, इथं उघडं पाणी ९७-९८ डिग्रीलाच उकळतं. झाकणानं १५ पौंडाचं प्रेशर धरलं तर तेच पाणी १२० च्या आसपास जातं, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी असलं तर त्याच्याही पुढं. झाकणाचा रबर फाटलेला असला तर आत काहीही ओता, फेस येणारच. आणि उरलंय म्हणून हिरव्यात लाल ओतू नका, जात वेगळी असली तर चिखल होतोय.

घाटवाला (खानापूर)
वॉल्वचं काय मग?

ऑटोनगर गॅरेज
काढू नकोस. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत वॉल्व काढला की बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, उघडाच राहतो, मग गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतंय. गार करायला काढायचा आणि गाडी आणखी तापायची! ज्यानं सांगितलं त्याला विचार बायपास कुठं असतो ते.

किन्नर ते ड्रायव्हर
चढावर गाडी तापली तर बाजूला घेऊन लगेच बंद करू नका, थोडा वेळ रिकामी फिरू द्या. आणि झाकण गरम असताना कापड धरून पण उघडायचं नाही, माझ्या मनगटावर डाग आहे अजून. मग वरनं गार पाण्याची कॅन ओतणारे पण बघितलेत, हेड तडकलं की बसा बोंबलत.

घाटवाला (खानापूर)
आज जाळी काढून धुतली. मामा, तुमचंच खरं, पाचट निघालं ते टोपलीभर. वॉल्व नवीन घातला, झाकण बदललं. कूलंटसाठी आमचा मालक अजून हो म्हणत नाही.

निपाणीचा मालक
मग वॉल्वचे पैसे कुणी दिले? तूच ना?

घाटवाला (खानापूर)
मीच की.