मदत हवी आहे : जुनी डॅटसन रेडी-गो घ्यावी का?

नमस्कार मंडळी. वडिलांना दर आठवड्याला अंबाजोगाईहून लातूरला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीची दगदग आता त्यांना सोसत नाही. गावातल्याच एका शिक्षकांची २०१७ची रेडी-गो, ८०० सीसी, विकायची आहे. एकहाती वापरलेली आहे, किंमतही आवाक्यातली वाटते.

धाकधूक एवढीच, की निस्साननं डॅटसन हे जुनं नाव २०१४ मध्ये भारतात स्वस्त गाड्यांसाठी पुन्हा आणलं आणि २०२२ मध्ये बंदही केलं. इंजिन रेनॉ क्विडचंच आहे, म्हणून त्याचे पार्ट मिळतील असं मेस्त्री म्हणतात. पण काचा, बंपर, दिवे, दाराची हँडलं यांचं काय? लातूर, बीड, नांदेडकडं कुणी वापरत असेल तर हे सामान कुठून आणता, किती दिवस लागतात?

एप्रिल-मेच्या उन्हात चार माणसं बसवून एसी पुरतो का? खालची उंची १८५ मिमी आहे, तेव्हा शेतरस्त्याची काळजी नाही. मात्र ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक-चाचणीत तिला पाचपैकी एकच तारा मिळाला होता, तिथं मन अडतं.

स्वतः चालवलेल्यांनी कृपया सांगा. रविवारी इसार द्यायचा आहे.