गोव्यातून पहिल्यांदाच बर्फातल्या ट्रेकला: काय विकत घ्यायचं आणि काय भाड्याने?

सत्तरीची_पोर
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी, दादा, वहिनी आणि ऑफिसातली एक मैत्रीण असे चौघं उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला चाललोय, बुकिंग झालंय, रजा पण मंजूर झाली. डोंगर चढायची सवय आहे, पावसात हिवरे, चरावणे, नंतर सोनसोगड वगैरे सगळं पायाखालचं आहे, पण बर्फ आमच्यातल्या कुणीच बघितलेला नाही आणि वाळपईत पारा विशीच्या खाली उतरला की आमच्याकडे स्वेटर निघतात, त्यामुळे उणे तापमान म्हणजे नक्की काय याचा अंदाजच येत नाहीये. नेटवर याद्या भरपूर आहेत पण प्रत्येक यादीत वेगळंच काहीतरी, आणि सगळं घ्यायचं म्हटलं तर ट्रेकपेक्षा सामानाचा खर्च जास्त होतोय. एक जाडजूड जॅकेट घेतलं की भागतं का? नेहमीचे ट्रेकिंगचे बूट चालतील का? स्पाइक्स आणि क्रॅम्पॉन यात फरक काय? आणि सांकरीला, जिथून ट्रेक सुरू होतो त्या गावात, भाड्याने मिळतं त्यातलं घेण्यासारखं काय? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

फोंडेकर
आधी अभिनंदन, पहिल्या बर्फाच्या ट्रेकला केदारकंठा चांगला आहे. मी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय आणि त्यानंतर हिवाळ्यात जाणं चालू असतं, म्हणून थोडं लांब लिहितो.

एका जाड जॅकेटचा विचार आधी डोक्यातून काढ. चढताना तुला घाम येणार, उणे पाचमध्ये पण येणार, आणि जाड जॅकेट घालून चढलीस तर आतले कपडे ओले होतात. मग विश्रांतीला थांबलं की पाच मिनिटांत हुडहुडी भरते, कारण पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीने वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून लेयर. अंगाला चिकटून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जॅकेट), सगळ्यात वर वारा आणि बर्फ अडवणारं पातळ शेल. डाउन (पक्ष्यांची मऊ पिसं) किंवा सिंथेटिक भरलेलं पफी म्हणजे फुगीर जॅकेट बॅगेत वरच ठेवायचं, ते थांबल्यावर आणि कॅम्पवर घालायचं, चालताना नाही. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर तू बरोबर कपडे घातलेस असं समज, दहा मिनिटांत अंग तापतं. आणि सुती काहीही नको, बनियन नको, जीन्स तर नाहीच नाही, सुती कपडा ओला झाला की तिथे वाळत नाही.

वाऱ्याला लोक विसरतात. उणे ५ तापमान आणि ताशी ३० किमी वारा असला की उघड्या कातडीला उणे १३ सारखं लागतं. शिखराची उंची साधारण ३,८०० मीटर म्हणजे १२,५०० फूट, शेवटची चढाई बहुतेक जण मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या काळोखात सुरू करतात आणि वरच्या धारेवर आडोसा नाही. तिथे ते पातळ शेल पफीइतकंच कामाला येतं.

पेडणेकर_भटक्या
बुटांबद्दल बोलतो कारण आपल्या गोव्यातल्या हवेत हा वेगळाच विषय आहे. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ आणि खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत, धावायचे शूज नकोत. जाड पायमोज्यावर घालून बघ, उतारावर चालल्यासारखं केल्यावर बोटं पुढे आपटायला नकोत आणि आत बोटं हलवता आली पाहिजेत. दोन-तीन पायमोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो.

आता महत्त्वाचं. कुणाचे जुने बूट माळ्यावर पडून असतील तर ते नीट तपासल्याशिवाय नेऊ नका. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्याच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि तो दमट हवेत हळूहळू कुजतो, न वापरता ठेवले तरी. बाहेरून बूट नवा दिसतो आणि वर गेल्यावर तळवा सुटून हातात येतो. टाचेच्या वरचा तो फोम अंगठ्याने जोरात दाबून बघा, बारीक भेगा पडल्या किंवा भुगा सुटला तर तो बूट टाकून द्या.

सत्तरीची_पोर
देव बरें करूं दादा, आत्ताच आमच्या दादाचे बूट काढून बघितले. चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेले, जेमतेम वापरलेले. दाबल्यावर टाचेकडचा फोम चक्क पिठासारखा सुटला आणि बोटाला चिकटला, वहिनी तर बघतच राहिली. म्हणजे नवे घ्यायचेच. हातमोजे आणि स्पाइक्सबद्दल पण सांगा कुणीतरी.

फोंडेकर
बरं झालं घरीच कळलं. नवे बूट आत्ताच घ्या आणि आत्तापासून घालून चाला, बॅगेत सात-आठ किलो घालून पारोड्याचा चंद्रनाथ चढा उतरा, फोड यायचे ते इथेच येऊन जाऊ देत.

स्पाइक्स म्हणजे मायक्रोस्पाइक्स, रबराचा पट्टा आणि खाली साखळीला बारीक स्टीलचे दात, कुठल्याही ट्रेकिंग बुटावर ओढून चढवता येतात. तुमच्या ट्रेकला हेच लागणार. क्रॅम्पॉनचे दात लांब असतात, त्याला कडक तळव्याचा बूट लागतो, सोबत आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळ) आणि ती वापरायचं शिक्षण पण, ते उभ्या चढाच्या टणक बर्फासाठी, शिकल्याशिवाय पायात घातले तर स्वतःच्याच पॅंटमध्ये अडकून पडायला होतं. स्पाइक्स भाड्याने घे पण घेताना तिथेच बुटावर चढवून बघ, एखादी कडी उघडलेली किंवा रबराला चीर गेलेली असेल तर बदलून माग. पहाटे बर्फ घट्ट असतो तेव्हा यांची खरी गरज, उतरताना ऊन लागून बर्फ मऊ झाला की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि तिथे गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) लागतात. गेटर बांधताना बक्कल बाहेरच्या बाजूला ठेव (आतल्या बाजूला राहिलं तर दुसऱ्या पायाचे स्पाइक्स त्यात अडकतात), पुढचा हूक लेसमध्ये आणि पट्टा तळव्याखालून. हे हातमोजे घालून, डोळे मिटून जमेपर्यंत घरी कर, कारण तिथे अंधारात करायचंय.

हातमोज्यांचे दोन थर. आत पातळ, बाहेर वॉटरप्रूफ, आणि शक्य असेल तर बाहेरचा मिटन घे ज्यात चार बोटं एकत्र राहतात, तो बोटाबोटाच्या मोज्यापेक्षा ऊबदार असतो. पातळ मोज्याची एक जास्तीची जोडी कोरडी, प्लास्टिकच्या पिशवीत. पायमोजे पण तसेच, एक लोकरीची जोडी फक्त झोपायला आणि ती कधीच बाहेर चालायला वापरायची नाही. माकडटोपी घ्यायला लाजू नकोस.

विकत: बूट, थर्मल, हातमोजे-पायमोजे, गॉगल. भाड्याने: स्पाइक्स, गेटर्स, काठ्या, पफी जॅकेट. तंबू आणि स्लीपिंग बॅग कंपनीच देते बहुतेक, पण बॅगेचं कम्फर्ट तापमान (ज्यात आरामात झोप लागते ते) विचारून घे, लिमिट नाही, लिमिट म्हणजे कशीबशी काढलेली रात्र.

मडगावची_नर्स
उपकरणांबद्दल वर छान लिहिलंय, मी तब्येतीचं लिहिते. गॉगल फॅशनसाठी नाही ग, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, ढग असले तरी डोळे भाजतात आणि रात्री वाळू गेल्यासारखे दुखतात. कॅटेगरी ३ किंवा ४ ची, म्हणजे जास्त गडद काच आणि बाजूने पण झाकणारा घ्या. नाकाच्या खाली आणि हनुवटीखाली पण सनस्क्रीन, कारण किरणं खालून येतात.

उंचीचा त्रास २,५०० मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो, फिटनेसशी त्याचा संबंध नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं दिसलं तर त्याच दिवशी ट्रेक लीडरला सांगायचं, लपवायचं नाही, आणि त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरशी बोला, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर.

आणि एकमेकांवर लक्ष ठेवा. कुणी अडखळत बोलायला लागलं, स्वतःची चेन लावता येईना, विनाकारण चिडायला लागलं किंवा गप्प झालं तर ते दमलेलं नाही, गारठलंय. थांबवून ओले कपडे बदलायचे, टोपी, गरम गोड काहीतरी. बोटं पांढरी आणि बधिर झाली तर चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच, काखेत धरायची. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातच सहस्त्रतालला वादळात कर्नाटकातले नऊ ट्रेकर दगावले, तोही हिवाळा नव्हता. घाबरवायला नाही सांगत, पण वारा आणि ओलावा एकत्र आले की काय होतं ते माहीत असावं.

पाळी येणार असेल तर पॅड जास्तच ठेवा आणि वापरलेले घट्ट पिशवीत परत आणा, तिथे पुरू नका.

डिचोलीकर
प्रवासाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत आणि स्पाइक्स, काठ्या चेक-इनमध्ये. ट्रेनने निजामुद्दीनपर्यंत गेलात तर पुढे देहरादून आणि तिथून सांकरी अख्खा दिवस जातो, त्यामुळे मध्ये एक दिवस हाताशी ठेवा.

थंडीत फोन आणि टॉर्चची बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री ती स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं. पाण्याची नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी गोठते. साधी रुंद तोंडाची बाटली न्या आणि उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं म्हणून झाकण मोकळं राहतं. झोपताना त्यातच गरम पाणी भरून पायमोज्यात घालून पायाशी घ्या, सकाळी तेच प्यायला होतं.

परत आल्यावर स्पाइक्स स्वतःचे असतील तर पुसून तेलाचा हात फिरवा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतात. पफी पिशवीत दाबून ठेवू नका, हँगरला लावा.

सत्तरीची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. रविवारी चौघं चंद्रनाथला जातोय, पाठीवर बॅगा घेऊन. कंपनीला स्लीपिंग बॅगेचं कम्फर्ट तापमान विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकते.