स्टार्टर किटमधील सिनॅरिओ एएसएलच्या संपूर्ण नियमांनी खेळताना काय बदलावे?

हेक्सवेडा:
नमस्कार. पुण्यात आमचा चार-पाच जणांचा एक गट आहे. 'ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर' (एएसएल) या दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांवरील बोर्ड-खेळाशी आमची ओळख मल्टी-मॅन पब्लिशिंगने २००४ साली काढलेल्या पहिल्या स्टार्टर किटमुळे झाली. त्या संचात फक्त पायदळ आहे, नियम मोजक्या पानांत आटोपतात आणि सोबतचे सहाही सिनॅरिओ (सैन्य, वेळ आणि विजयाची अट कार्डावर दिलेल्या ठरावीक लढाया) आता आमच्या चांगले हातात बसले आहेत. त्यामुळे १९८५ पासून चालत आलेल्या संपूर्ण नियमपुस्तकाकडे वळायचे आम्ही ठरवले आहे. नवे नियम, नवे बोर्ड आणि नवी सैन्ये हे सगळे एकाच वेळी अंगावर घेण्यापेक्षा ओळखीच्या सिनॅरिओंवरच नवे नियम शिकावेत, असा आमचा विचार आहे. सुरुवात स्टालिनग्राडच्या 'वॉर ऑफ द रॅट्स'पासून करायची आहे.

येथे गटात दोन मते पडली आहेत. काहींच्या मते कार्डावरचे काहीही न बदलता फक्त नियम बदलावेत. इतरांचे म्हणणे असे की, बचाव करणाऱ्या बाजूला कन्सीलमेंट (तुकडी लपलेली ठेवण्याचा नियम) आणि स्नायपर (लपून नेम धरणारा बंदूकधारी) मिळाल्यावर हल्ला पुढे सरकणारच नाही, म्हणून हल्ला करणाऱ्याला दोन-तीन स्क्वाड (सैनिकांच्या छोट्या तुकड्या) वाढवून द्यावेत. ज्यांनी असे रूपांतर केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाशिकचा सॅपर:
तुमचा विचार योग्य आहे. मात्र स्क्वाड वाढवण्याची सूचना मला मान्य नाही. सैन्य वाढवले की बोर्डावरची गर्दी वाढते, एकाच हेक्समधून (बोर्डावरच्या षट्कोनी घरातून) होणाऱ्या गोळीबाराचा जोर वाढतो आणि मूळ सिनॅरिओने खेळाडूपुढे ठेवलेला पेचच नाहीसा होतो. म्हणून आधी हा पेच नेमका कोणता आहे ते ओळखावे, मग नियम आत घ्यावेत आणि कार्डावरच्या आकड्यांना सर्वांत शेवटी हात लावावा.

कन्सीलमेंटचेच उदाहरण घेऊ. लपलेपण दाखवणाऱ्या '?' काउंटरखालच्या (सोंगटीखालच्या) तुकडीवर केलेल्या गोळीबाराची ताकद निम्मी होते. तीन ४-६-७ (गोळीबाराची ताकद ४, पल्ला ६, मनोधैर्य ७) जर्मन स्क्वाड एकत्र गोळीबार करतात तेव्हा स्टार्टर किटमध्ये तो गोळीबाराच्या तक्त्यातील १२ च्या रकान्यात जातो. संपूर्ण नियमांत लक्ष्य लपलेले असेल तर तोच ६ च्या रकान्यात येतो आणि वर दगडी इमारतीच्या आडोशामुळे फाशांच्या बेरजेत अधिक ३ आहेतच. एवढेच पाहिले तर हल्ला करणाऱ्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते. पण तेच तीन स्क्वाड शेजारच्या हेक्समध्ये पोचले की ताकद दुप्पट होते, निम्मे आणि दुप्पट एकमेकांना छेद देतात आणि आपण पुन्हा १२ च्या रकान्यात येतो. म्हणजे कन्सीलमेंटमुळे हल्ला अशक्य होत नाही, तो जवळून करावा लागतो, आणि जवळ जायला वेळ लागतो. तेव्हा भरपाई द्यायची असेल तर ती वेळेच्या रूपात द्यावी, माणसांच्या रूपात देऊ नये. एएसएलच्या कार्डांवर अर्ध्या टर्नची (दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूच्या पाळीची) सोय असतेच. अर्ध्या टर्नने सुरुवात करावी.

स्टालिनग्राडच्या बाबतीत तर हा बदल खेळाला इतिहासाच्या जवळ नेतो. सोव्हिएत बासष्टाव्या सैन्याचे सेनापती चुइकोव्ह यांनी आपल्या तुकड्या जर्मनांना जवळजवळ चिकटून ठेवल्या होत्या, कारण इतक्या कमी अंतरावर जर्मन विमानांना आपल्याच सैनिकांच्या भीतीने बॉम्ब टाकता येत नसत. लहान लहान हल्ला-गट सबमशीनगन आणि हातबॉम्ब घेऊन एकेक इमारत आणि एकेक खोली लढवत असत. ६-२-८ हा रशियन स्क्वाड पाहा. त्याचा पल्ला फक्त २ हेक्स, म्हणजे सुमारे ८० मीटर आहे. कन्सीलमेंट नसताना हा स्क्वाड लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच बहुधा मोडतो. संपूर्ण नियमांत मात्र तो इमारती आणि ढिगाऱ्यांमधून असॉल्ट मूव्हमेंटने (सावधपणे एकच हेक्स सरकण्याच्या चालीने), लपलेपण न गमावता, एकेक हेक्स पुढे सरकू शकतो. त्या काउंटरवरचे आकडे असे का ठेवले आहेत, याचा उलगडा मला तरी तेथे झाला.

दुसऱ्या बाजूने हल्ला करणाऱ्यालाही काही मिळते. स्टार्टर किटमध्ये झाडीच्या किंवा इमारतीच्या हेक्समध्ये शिरायला २ मूव्हमेंट फॅक्टर (हालचालीचे गुण) लागतात. बायपासचा नियम घेतला की, हेक्सच्या कडेला मोकळी जागा असल्यास, तोच हेक्स १ मध्ये ओलांडता येतो. नेत्याशिवाय चालणाऱ्या स्क्वाडकडे फक्त ४ असतात, त्यामुळे हा फरक मोठा आहे. म्हणून कन्सीलमेंट आणि बायपास नेहमी जोडीने आत घ्यावेत. एक घेतला आणि दुसरा मागे ठेवला तर तोल एका बाजूला जातो.

वरच्या मजल्यांबाबत मात्र सावध राहा. ते सुरू केले की दृष्टिरेषा बदलतात. शिवाय ज्या कार्डावर विजयाची अट इमारतींच्या ताब्याशी बांधलेली आहे, तेथे वरच्या मजल्यावर तग धरून बसलेला एक हाफ-स्क्वाडदेखील अख्ख्या इमारतीचा ताबा अडवून धरतो. ज्या कार्डाची वेळ तळमजल्याचाच हिशेब करून ठरवलेली आहे, त्याला हा भार पेलत नाही. सर्व इमारतींना फक्त तळमजला आहे असे मानावे, असा खास नियम कार्डावर स्वतः लिहून घ्यावा. छापील एएसएल सिनॅरिओंतही असा नियम दिसतो, त्यामुळे तो परका वाटणार नाही.

जुना खेळाडू, मुलुंड:
मी थोडा विरोधी सूर लावतो. १९७७ च्या मूळ 'स्क्वाड लीडर'मध्ये १२ सिनॅरिओ होते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे नवे नियम शिकवायचे, अशी त्यांची रचना होती. पुढे नियम वाढत गेले, १९८५ मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि जुनी कार्डे नव्या नियमांत आणायचे काम त्याही वेळी करावे लागले. त्या काळापासून माझे मत असे झाले आहे की, शिकवण्यासाठी बेतलेला सिनॅरिओ मुद्दाम सडपातळ ठेवलेला असतो आणि त्याच्यावर सगळे नियम चढवले की तो वाकतो. संपूर्ण नियमांसाठीच लिहिलेले, फक्त पायदळाचे, एका बोर्डाचे छोटे सिनॅरिओ पुष्कळ आहेत. कन्सीलमेंट आणि बायपास येईपर्यंत ओळखीची कार्डे जरूर वापरा. त्यापुढे मूळ एएसएल कार्डांकडे वळा. दोन्ही बाजू तज्ज्ञांनी खेळून तोललेले कार्ड घरी तयार होत नाही.

हेक्सवेडा:
दोघांचेही मनापासून आभार. स्क्वाड वाढवण्याचा विचार आम्ही सोडून देतो. आता स्नायपरचे विचारतो. स्टार्टर किटच्या कार्डांवर स्नायपरचा आकडा नसतो, मग तो कसा ठरवावा? आणि कैदी, हीट ऑफ बॅटल (लढाईच्या आवेशात तुकडीत अचानक होणारा बदल) वगैरे नियमांमुळे निकालावर कितपत परिणाम होतो?

संभाव्यता:
स्नायपरचा हिशेब कागदावर मांडला की भीती कमी होते. समोरच्या खेळाडूच्या ठरावीक प्रकारच्या फेकीत दोन फाशांची बेरीज तुमच्या स्नायपरच्या आकड्याइतकी आली, तर आणखी एक फासा टाकायचा असतो आणि त्यावर १ किंवा २ आले तरच परिणाम होतो. आकडा ३ असेल तर ती बेरीज ३६ पैकी २ वेळा येते आणि तिला पुढच्या एक-तृतीयांशाने गुणले की सरासरी ५४ फेकींत एक परिणाम मिळतो. आकडा ६ असेल तर हेच प्रमाण १०८ फेकींत ५, म्हणजे साधारण २२ फेकींत एक होते. लहान सिनॅरिओतही गोळीबाराच्या आणि मनोधैर्याच्या फेकी भराभर होतात, त्यामुळे ३ हा आकडा जवळजवळ जाणवत नाही आणि ६ हा पुऱ्या डावावर सावट धरतो. पहिल्या वेळी दोन्ही बाजूंना ३ द्यावा. शहरातल्या लढाईचा रंग हवा असेल तर बचाव करणाऱ्याला ४ द्यावा, पण त्यावर जाऊ नये. ज्या बाजूकडे नेते कमी आहेत तिला एका नेत्याचे नुकसानही फार महागात पडते, हेही आकडा ठरवताना पाहावे.

हीट ऑफ बॅटल दोन फाशांवर दोन्ही १ आले की लागू होते, म्हणजे ३६ पैकी एकदाच. दोन्ही बाजूंना सारखीच संधी असल्यामुळे सिनॅरिओचा तोल त्याने बिघडत नाही. एखाद्या डावाचा निकाल मात्र एखादा बर्सर्क (बेभान होऊन शत्रूवर धावून जाणारा) स्क्वाड फिरवू शकतो आणि ते स्वीकारूनच हा नियम घ्यावा. कैद्यांचे वेगळे आहे. संपूर्ण नियमांत पकडलेल्या तुकडीचे कॅज्युअल्टी गुण (शत्रूच्या नुकसानीबद्दल मिळणारे गुण) दुप्पट मोजले जातात. विजयाची अट अशा गुणांवर असेल तर तो आकडा न बदलता कैद्यांचा नियम घेऊ नये. अट फक्त जागेच्या ताब्याची असेल तर नियम बिनधास्त घ्यावा, कारण कैद्यांवर पहारा ठेवण्यासाठी पकडणाऱ्याची तुकडी अडकते आणि तेवढी किंमत तो मोजतोच.

ॲम्बुशबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. इमारतीत किंवा झाडीत शिरून हातघाईला आल्यावर दोन्ही बाजू एकेक फासा टाकतात आणि एकाचा दुसऱ्यापेक्षा किमान ३ ने कमी आला तर तो आधी वार करतो. लपलेल्या बाजूला या फेकीत २ ची सवलत असते. त्यामुळे कन्सीलमेंट घेतले की ॲम्बुश घ्यावाच लागतो. नाहीतर लपून बसलेल्या तुकडीवर थेट चाल करून जाणे फार स्वस्त पडते.

नाशिकचा सॅपर:
वरील हिशेबाशी सहमत. कोमिसारांविषयी (सैन्यातल्या राजकीय अधिकाऱ्यांविषयी) एक लहानशी भर घालतो. सोव्हिएत सैन्यातली कोमिसारांची दुहेरी सत्ता ९ ऑक्टोबर १९४२ रोजी रद्द झाली, म्हणजे स्टालिनग्राडची लढाई ऐन भरात असताना. तेव्हा कोमिसार वापरण्याआधी कार्डावरची तारीख पाहावी.

मुलुंडच्या मित्रांनी म्हटल्याप्रमाणे घरचे कार्ड पूर्ण तोललेले असणार नाही, हे खरे आहे. पण त्यावर एक जुना उपाय आहे. सुरुवातीला दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर, हल्ल्याची बाजू खेळायची असेल तर छापील वेळेवर किती अर्धे टर्न वाढवून हवेत ते लिहावे आणि चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. ज्याने कमी लिहिले तो तेवढ्याच वेळात हल्ला खेळतो. आकडे सारखे आले तर फासा टाकावा. शेवटचा अर्धा टर्न कोणाच्या वाट्याला येतो, हे मात्र चिठ्ठी लिहिण्यापूर्वी दोघांनी नीट मोजावे, कारण ताब्यावर ठरणाऱ्या सिनॅरिओत शेवटची चाल ज्याची असते त्याला एखादी इमारत परत घेण्याची संधी मिळते आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही. डाव संपला की बाजू बदलून पुन्हा चिठ्ठ्या लिहाव्यात. दोन्ही आकडे जवळ येऊ लागले की तोच आकडा कार्डावर कायमचा लिहून ठेवावा.