इमारत आठ महिने बंद, वाचनालयाचे उपक्रम कुठे चालवू?

प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयाची इमारत पुढच्या महिन्यात दुरुस्तीला जातेय. निदान आठ महिने तरी बंद राहील. पुस्तकांना गोदाम मिळालंय आणि देवघेव एका खोलीतून चालेल, पण उपक्रमांचा विषय बैठकीत निघतच नाही. मी बालविभाग बघते. शनिवारी गोष्टींना तीसेक मुलं येतात, बुधवारी ज्येष्ठांचं वाचनमंडळ असतं आणि रोज सकाळी वर्तमानपत्रांसाठी ठरलेली माणसं येतात. चार जागा मिळू शकतात: शाळेचा वर्ग, एक सभागृह, बागेतला मंडप आणि दवाखान्यातली बसायची खोली. चारही ठिकाणी थोडं थोडं करू की एकच जागा धरू? आणि तिथे नेट नसेल तर नोंदी कशा ठेवायच्या?

प्रतिसाद १

मंडपाच्या भरवशावर राहू नका. पाऊस आणि वारा राहू दे बाजूला, रस्त्याच्या आवाजात गोष्ट तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही.

प्रतिसाद २

ताई, मी यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची इमारत बंद झाली तेव्हा मी उत्साहाने दर शनिवारी नवी जागा ठरवली. सगळ्या भागांतल्या मुलांना लाभ व्हावा, एवढाच हेतू होता. चौथ्या शनिवारी सहा मुलं आली. आई-वडिलांना आज कुठे जायचं हेच कळत नव्हतं. मग एक वर्ग धरला, वार आणि वेळ जुनीच ठेवली, आणि दोन महिन्यांत मुलं परतली. जागा एकदाच बदलली तर लोक समजून घेतात. ती सारखी बदलली किंवा वार बदलला की ते तुटतात.

दुसरी गोष्ट माणसाची. अमेरिकेत मेरीलँडमधल्या वॉशिंग्टन काउंटीत मेरी टिटकॉम्ब या ग्रंथपाल होत्या. त्यांनी आधी दुकानांत, टपाल कचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तरीही आडबाजूच्या शेतघरांपर्यंत पुस्तक पोचेना, म्हणून 1905 मध्ये त्यांनी घोडागाडी सुरू केली. ती हाकायला दिली वाचनालयाच्याच सफाई कर्मचाऱ्याकडे, जोशुआ थॉमस यांच्याकडे. त्यांना तिथले रस्ते आणि माणसं ठाऊक होती. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमच्या देवघेवीच्या खिडकीवर जो कर्मचारी सभासदांना चेहऱ्याने ओळखतो, त्याला गोदामात अडकवू नका, बाहेरच्या जागेवर पाठवा. आम्ही नेमकं उलट केलं होतं. नवखे स्वयंसेवक पाठवले आणि म्हातारी माणसं दारातूनच परतली. त्याची मला अजून हळहळ वाटते.

वर्तमानपत्रवाल्या मंडळींची सोय सगळ्यात आधी लावा. मुलांना पालक आणतील, वाचनमंडळ कुणाच्या घरीही बसेल. पण सकाळी येणाऱ्या कित्येकांना दिवसात बोलायला तेवढीच जागा असते. तुमच्या चारांतली सभागृहाची जागा त्यांना द्या. दवाखाना मात्र उपक्रमासाठी नको. आजारी माणूस तिथे स्वतःच्या काळजीत बसलेला असतो. एक लहान कपाट ठेवा, न नोंदवता पुस्तक नेता येईल असं. काही परत येणार नाहीत, ते धरूनच चाला.

जागा ठरवायच्या आधी एकदा त्याच वाराला, त्याच वेळी तिथे जाऊन बसा. पायऱ्या किती आहेत, चाकाची खुर्ची आत जाते का, स्वच्छतागृह उघडं असतं का, हे पाहा. आणि किल्ली कोणाकडे? आमचा एक कार्यक्रम किल्लीवाला गावाला गेला म्हणून ओसरीवर झाला. परवानगी लेखी घ्या, त्यात दोन किल्लीधारकांची नावं असू द्यात.

पुस्तकांच्या पेट्या एका माणसाला उचलता येतील एवढ्याच भरा. झाकणाच्या आत यादी चिकटवा, नाहीतर परतताना कुठलं पुस्तक कुठल्या पेटीतलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते. कोणती पुस्तकं न्यायची ते देवघेवीच्या नोंदीवरून ठरवा. आपल्याला आवडलेली न्यायचा मोह होतो.

प्रतिसाद ३

नोंदींबद्दल: कोहा हे वाचनालयाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नेट नसताना केलेल्या देवघेवीची फाइल नंतर मुख्य प्रणालीत चढवता येते. पण त्या वेळी पुस्तक दुसऱ्या कुणी राखून ठेवलंय का, हे पडद्यावर दिसत नाही. राखीव पुस्तकं पेटीत भरायच्या आधीच बाजूला काढा. फाइल त्याच संध्याकाळी चढवा. आणि साधी वही जवळ असू द्याच: सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, तारीख. बॅटरी संपली की तीच कामाला येते.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. सकाळची वर्तमानपत्रं आणि बुधवारचं मंडळ सभागृहात, शनिवार शाळेत, वेळ तीच, असं ठरवतेय. खिडकीवरच्या काकांना आजच विचारलं. ते म्हणाले, "मी सकाळी सभागृहात बसतो, मला सगळे ओळखतात." एक राहिलं: बंद दारावर पाटी लावायची तर त्यावर नकाशा काढू की नुसता पत्ता पुरेल?

प्रतिसाद २

नकाशा काढा, ठळक अक्षरात, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. पहिले पंधरा दिवस मात्र पाटीशेजारी रोज सकाळी कुणीतरी उभं राहू दे.