आत्याची वही आणि सत्तावीस नक्षत्रं: नागरिकत्वाच्या परीक्षेचे तुमचे अनुभव सांगा

रावपुऱ्याची लेक
दसऱ्याची साफसफाई करताना माळ्यावरच्या पेटीत ती वही सापडली आणि झाडू बाजूला ठेवून मी तिथेच बसले.

२०१८ सालची गोष्ट. आत्या न्यू जर्सीला, मी इथे बडोद्यात. तिच्याकडे रात्रीचे नऊ, माझ्याकडे सकाळचे साडेसहा. दूधवाला येऊन जाईपर्यंत आमची शिकवणी. आत्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. गुजराती तिला घरच्यासारखं, हिंदी कामापुरतं, इंग्रजी पाट्या वाचण्याइतकं. ग्रीनकार्डाला, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याला, नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी पाच वर्षं होऊन गेली होती, पण परीक्षेच्या धास्तीने ती फॉर्मच भरत नव्हती. वय ५९. पन्नाशीपुढे ग्रीनकार्डावर वीस वर्षं किंवा पंचावन्नपुढे पंधरा वर्षं झाली असती तर इंग्रजी माफ होतं, पण तिची झाली होती आठ.

शंभर प्रश्न पाठ करायचे, साहेब त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की झालं. आकडे लक्षात राहीनात, म्हणून आम्ही आपल्याच घरातले आकडे घेतले. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश किती? नवग्रह. घटनादुरुस्त्या किती? सत्तावीस नक्षत्रं. सिनेटर किती? शंभर कौरव. वहीत तिच्या वळणदार अक्षरात ‘कॉन्स-टि-ट्यू-शन’ चार तुकड्यांत लिहिलंय आणि प्रत्येक तुकड्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. ते पान मी कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले.

प्रश्न तिला झोपेतून उठवलं तरी येत होते. पण पहिल्या मुलाखतीत गाडी अडली ती फॉर्मवर! साहेब फॉर्ममधली माहिती तोंडी विचारतात आणि तुमचं इंग्रजी किती ते त्यावरूनच ठरवतात. आत्या घाबरून प्रत्येक गोष्टीला ‘येस, येस’ म्हणत गेली. तुम्ही कधी सरकार उलथवायला मदत केली आहे का? येस. ‘बेअर आर्म्स’ म्हणजे शस्त्र उचलणं, तिला वाटलं हात दाखवायला सांगतायत, म्हणून तिने बाह्या वर केल्या. साहेबांनी शांतपणे थांबवलं आणि पुढची तारीख दिली. राहिलेल्या भागाची परीक्षा ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा देता येते.

त्या दोन महिन्यांत मी तिला एकही नवं उत्तर शिकवलं नाही. फक्त ‘प्लीज से इट अगेन’ म्हणायला शिकवलं. समजलं नाही तर विचारायचं, मान डोलवायची नाही. मीच मुद्दाम तोच प्रश्न शब्द फिरवून विचारायचे. दुसऱ्या खेपेला तिने साहेबांना तीनदा ‘अगेन’ म्हणायला लावलं आणि पास झाली. पाठांतराइतकंच हे धाडस शिकवायला हवं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

तुमच्याकडे कोणी कोणाला शिकवलं? लिहा.

सुरसागरकाठ
ताई, डोळे भरून आले. माझ्या आईचं पण सांगायचंय. आत्ता चहा गॅसवर आहे, नंतर येते.

हरणी रोड
आमचं कॅनडा. तिथे २० प्रश्न, १५ बरोबर हवेत, आणि परीक्षा १८ ते ५४ वयाच्यांनाच. आई ५६ ची, म्हणजे तिला माफ. पण तिने सरकारी पुस्तिका दोनदा वाचून काढली होती, डिक्शनरी घेऊन, पेन्सिलने अर्थ लिहून. परीक्षाच नाही कळल्यावर अशी हिरमुसली की दादाने घरीच पेपर काढला. १८ आले. तो कागद तिने फ्रिजला लावलाय.

लहेरीपुरा
@हरणी रोड काकूंना माझा नमस्कार सांगा 🙏 काय जिद्द!

मांडवीकर
इंग्लंड. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत, सगळं कॉम्प्युटरवर. बोलण्याऐकण्याची इंग्रजी परीक्षा वेगळी. मी दोन्ही बायकोबरोबर बसून केल्या. तिला राजेराण्यांची सनावळी जमेना. आठवा हेन्री आणि त्याच्या सहा बायका मात्र एका दिवसात पाठ, कारण तिने ती आमच्या नात्यातलीच भानगड असल्यासारखी मला रंगवून सांगितली. गोष्ट केली की लक्षात राहतं, एवढंच माझं म्हणणं.

बाकी तिथे सगळं मिळतं हो, पण सेव उसळ नाही. तिच्यावरची झणझणीत तरी तशी होतच नाही.

लहेरीपुरा
तरी घरी करा की! कोरडा मसाला इथून न्यायचा, वाटाणे तिथे मिळतात. आणि सेव जाडच हवी.

मांडवीकर
मसाला नेला होता. पाण्याचा फरक पडतो, काय करणार.

अकोटा गार्डन
एक विचारायचं होतं. माझी आई ६७ ची, ग्रीनकार्डाला २२ वर्षं झाली. इंग्रजी अजिबात नाही. इथल्या एका क्लासवाल्याने सगळे प्रश्न इंग्रजीतच पाठ करावे लागतील म्हणून भरपूर फी सांगितली. खरं आहे का?

रावपुऱ्याची लेक
अजिबात नाही! फी भरू नका. ६५ च्या पुढे वय आणि ग्रीनकार्डाची वीस वर्षं झालेल्यांना इंग्रजीची सूट आहे. दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. वेगळे २० प्रश्नच करायचे, त्यातले दहा विचारतात, सहा बरोबर हवेत. बाकीच्यांसाठी मात्र बदललंय: २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांना १२८ प्रश्न करायचे, त्यातले २० विचारतात आणि १२ बरोबर हवेत. आईंना म्हणावं, निवांत मराठीत करा.

अकोटा गार्डन
देव तुमचं भलं करो. रात्रभर झोप नव्हती तिला.

प्रतापनगरचा रेल्वेवाला
मी परीक्षा दिली नाही, तरी लिहितो. मुलगी म्हणत होती, बाबा, अर्ज करा. प्रश्न सगळे येत होते. पण शपथेतलं वाक्य तिने मराठीत समजावून सांगितलं, की आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडतो म्हणायचं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, पासपोर्ट जमा करावा लागतो. ३४ वर्षं रेल्वेत काढली, ते वाक्य तोंडातून निघेना. नातवासाठी तिकडे राहतो, ग्रीनकार्डावरच. ज्यांनी शपथ घेतली त्यांना मी कमी लेखत नाही, माझ्या मुलीनेच घेतली आहे. त्या दिवशी मी हॉलमध्ये मागे बसून रडलो, आणि टाळ्याही सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

रावपुऱ्याची लेक
काका 🙏 आत्याही शपथेच्या आदल्या रात्री फोनवर खूप रडली होती. दुसऱ्या दिवशी साडी नेसून गेली, नऊवारी.

हरणी रोड
काका, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती बसून राहिली.

ग्रंथालयातला
जरा वेगळं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मी रोज बसायचो, तिथे एक आजोबा अमेरिकेच्या प्रश्नांचे कागद घेऊन यायचे. ज्या लायब्ररीत ते बसायचे, ती उभारायला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहूनच माणूस आणला होता, विल्यम बॉर्डन. त्याने गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. आजोबांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘म्हणजे मी त्यांच्याकडे जाण्याआधी ते माझ्याकडे येऊन गेले.’ कपाटांमधल्या काचेच्या जमिनीवरून जपून पावलं टाकत, नद्यांची नावं पुटपुटत जायचे. मिसूरी, मिसिसिपी, मिसूरी, मिसिसिपी. त्यांचं पुढे काय झालं कळलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

लहेरीपुरा
काचेची जमीन! लहानपणी मी तिथे पाय टाकायलाच घाबरायचे. खालून कोणी वर बघेल म्हणून आई फ्रॉक धरायला सांगायची 😄

सुरसागरकाठ
आले. चहा झाला, पोळ्या झाल्या, भाजी कुकरला लावलीय.

आई बहिणीकडे टेक्सासला. तिला टेबलखुर्चीवर बसून अभ्यास होत नाही, तिचा दिवस ओट्यापाशी जातो. मग बहिणीने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, दोन भाग कोणते? वरच्या फळीवर तूरडाळ म्हणजे सिनेट, खालच्या फळीवर तांदूळ म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज. तांदूळ जास्त लागतो, म्हणून तिथे माणसं जास्त, ४३५. मिठाच्या बरणीवर प्रेसिडेंट, कारण तो एकच. परीक्षेत लिहायचं वाक्य ती पोळीच्या पिठात बोटाने लिहायची, ‘वॉशिंग्टन वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट’, आणि चुकलं की पीठ सारखं करून परत.

मुलाखतीत नेमका काँग्रेसचाच प्रश्न आला. आई म्हणते, डोळे मिटले आणि फळी दिसली.

चार वर्षं झाली, चिठ्ठ्या तशाच आहेत. परवा फोनवर बोलताना मध्येच बहिणीला ओरडून सांगत होती, ‘अगं, सिनेट संपत आलीय, येताना दोन किलो आण!’