शब्दचर्चा: पुंगळीचं ‘रिसाइझिंग’

शनिवारपेठ: रायफलची काडतुसं पुन्हा भरण्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘केस रिसाइझिंग’ला ‘काडतुसाचे पुनराकारण’ चालेल का?

बाणेर: दोन्ही शब्द बदला. पोर्तुगीजातून आलेलं ‘काडतूस’ म्हणजे पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), दारू आणि गोळी असा सगळा ऐवज. बार झाल्यावर उरते ती पुंगळी. पंचनाम्यातही ‘रिकाम्या पुंगळ्या’ असंच येतं.

‘पुनराकारण’ अर्थानेही चुकतं. बार होताना पुंगळीचं पितळ फुगून चेंबरला, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीला, चिकटतं आणि सुटताना थोडंच आकसतं. डाय, म्हणजे मापाचा साचा, पुंगळीला पुन्हा मापाला दाबते. म्हणून ‘मापात आणणे’.

शनिवारपेठ: मग ‘फुल लेंग्थ’ आणि ‘नेक सायझिंग’?

बाणेर: ‘सबंध पुंगळी मापात आणणे’ आणि ‘नुसता गळा मापात आणणे’. पुंगळीच्या अवयवांना गळा (गोळी धरतो तो), खांदा (गळ्याखालचा उतार), अंग, बूड पुरे. नुसता गळा दाबला तर पितळ कमी राबतं, पण त्याच रायफलमध्ये काही बार झाले की अंग आणि खांदा घट्ट होऊन बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड लागतो. सबंध दाबताना खांदा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे न्यायचा. इथे ‘खांदा बसवणे’ लिहू नका, ‘मागे सारणे’ लिहा, कारण किती मागे हाच खरा प्रश्न आहे. जास्त सारला तर पुढच्या बाराला पुंगळी लांबीत ताणली जाते, बुडाच्या थोडं वर आतून खाच पडते आणि शेवटी तिथेच तुटते. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते. खांद्यावर जास्त झालं तर पोचे येतात.

तांबटआळी: ‘अनीलिंग’साठी ‘पाणी देणे’ वापरू नका, ही कळकळीची विनंती. पाणी देतात ते पोलादाला, कडक करायला. पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ते पाण्यात विझवून कडक होत नाही. ते कडक होतं दाबून, ठोकून. आमच्या आळीतलं मठारकाम भांड्याला कणखर करतं, तेच इथे डाय करते, आणि मग गळ्याला चिरा जातात. म्हणून ‘तापवून नरम करणे’. आणि ‘गळा व खांदा’ हे शब्द प्रत्येक वेळी लिहाच. बूड नरम झालं तर बाराचा दाब पेलणार नाही.

शनिवारपेठ: म्हणजे वाक्य असं: ‘गळा व खांदा तापवून नरम करावा, बूड गार ठेवावं, मग वंगण लावून सबंध पुंगळी मापात आणावी.’

बाणेर: ‘वंगणाचा पातळ हात फिरवून’ करा. ‘लावून’ म्हटलं की लोक थापतात.