शाळकरी मुलांचा खर्रा थांबवायचा, तर गावात कोणाकोणाला सोबत घ्यावे?

वैनगंगाकाठ:
मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. आठवी-नववीच्या काही मुलांच्या दप्तरांत खर्ऱ्याच्या (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाच्या) पन्न्या सापडल्या. मुख्याध्यापकांनी व्याख्यान ठेवले, मुलांनी शपथ घेतली, आणि फाटकासमोरच्या टपरीवर खर्रा घोटणे पूर्ववत चालू आहे. ग्रामपंचायत म्हणते हे पोलिसांचे काम, पोलीस लेखी तक्रार मागतात आणि सही करायला कोणी धजावत नाही. सुरुवात कोठून करावी?

आरमोरीकर:
सर, गडचिरोलीत 2016 पासून चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाकडे पाहावे. राज्य शासन, ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून तो उभा केला असला, तरी माझ्या मते त्याचा खरा जोर गावसंघटनांत, विशेषतः त्यांतील महिलांत आहे. जिल्ह्यात 1993 मध्ये दारूबंदी आली, तीही लोकांच्या आंदोलनातूनच. तक्रार एकट्याने देऊच नका. ग्रामसभेचा ठराव घेऊन त्याची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी, म्हणजे रोष एका माणसावर येत नाही. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे, पण दंड जेमतेम 200 रुपयांपर्यंत, तो टपरीवाला हसत भरतो. अल्पवयीन मुलाला तंबाखू दिल्यास मात्र 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ठरावात हे कलम अवश्य लिहा.

निवृत्त शिक्षक:
कलमे योग्यच आहेत. परंतु मुलाच्या हातावर नोट ठेवून ‘जा, एक खर्रा घेऊन ये’ असे सांगणारे बहुधा घरातलेच वडील किंवा आजोबा असतात, आणि त्यांना वगळून केलेली कोणतीही युती टपरी चार पावले मागे सरकवण्यापलीकडे जात नाही. पालकसभेत प्रथम हाच विषय घ्यावा. (शिक्षकांच्या खिशातील पुडीही त्याच दिवशी बाहेर यावी.) सापडलेल्या मुलाला शाळेतून काढू नये, तो दिवसभर टपरीवरच बसेल. ज्याला सोडता येत नाही, त्याच्यासाठी आशाताईंच्या मदतीने ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाची सोय पाहावी. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

वैनगंगाकाठ:
आभारी आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल, तिथेच बचत गटाच्या महिलांकडून ठराव मांडून घेतो. टपरीवाला नात्यातलाच आहे. त्याला कलम 77 आधी घरी जाऊन वाचून दाखवावे, की थेट सभेत?

आरमोरीकर:
आधी घरी. सोबत सरपंच आणि त्याच्याच वॉर्डातील दोन महिला असू द्या.